वाळवणाचा धंदा, उत्पन्नाचा दाखला आणि दोन सेवा केंद्रं

आधीच सांगते, केंद्रांची नावं टाकणार नाहीये, गाव लहान आहे आणि दोघंही रोज समोर दिसतात. एक एसटी स्टँडच्या बाजूला, दुसरं शाळेच्या बोळात. पहिल्याला पाचपैकी दोन स्टार, दुसऱ्याला साडेचार. अर्धा का कापला ते पुढं येईलच.

मी वाळवण करते. होळीच्या आधी सुरू होतं ते वळवाचा पहिला पाऊस पडेपर्यंत, म्हणजे धरून चाला तीन-साडेतीन महिने. कुरडया, साबुदाण्याच्या चकल्या, बटाट्याचा कीस, उडदाचे पापड, सांडगे. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, आणि चौथ्या दिवशी पहाटे चार वाजता चीक शिजवायला घ्यायचा कारण ऊन चढायच्या आत सोऱ्यातून गच्चीवर सगळ्या कुरडया पडल्या पाहिजेत. दोन बायका हाताखाली असतात. बाकीचे आठ-नऊ महिने धंदा शून्य, मग मी डबे, अभ्यास, सासूबाईंचा दवाखाना यातच. तर या अशा माणसाचं वर्षाचं उत्पन्न किती, हे सरकारी कागदावर लिहायचं म्हणजे काय प्रकार होतो त्याचा हा रिव्ह्यू समजा.

दाखला कशाला लागला, तर थोरली आठवीत आहे आणि तिला एनएमएमएस शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवायचं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आठवीत घेतात ही परीक्षा, राज्य परीक्षा परिषद घेते, डिसेंबरात असते, ९०-९० प्रश्नांचे दोन पेपर. सरकारी, झेडपी-नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलांसाठी आहे आणि सातवीत ५५ टक्के लागतात. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. अट एकच मोठी, आईवडलांचं दोघांचं मिळून उत्पन्न साडेतीन लाखांच्या वर नको. आमच्यात बसतं, मी निवांत होते.

जुलैत स्टँडजवळच्या केंद्रात गेले. गर्दी ही, पोरगा कानात हेडफोन घालून एका हातानं टाइप करतोय, दुसऱ्या हातात वडापाव. बोलायला गोड हो, त्याबद्दल तक्रार नाही, वहिनी बसा, वहिनी आधार द्या. यांची पगाराची स्लिप दिली, महिन्याला १६,५००, एमआयडीसीत ठेकेदाराकडं आहेत. मग म्हणाला, "तुमचं काय, काही करता का?" मी आपलं कौतुकानं सांगितलं, वाळवण करते, यंदा सीझनला एक लाख चौऱ्याऐंशी हजारांची विक्री झाली. त्यानं मान पण वर केली नाही. टकटकटक, झालं, सही करा. तीनशे रुपये. पावती मागितली तर म्हणे प्रिंटर बंद आहे, आणि त्याच प्रिंटरमधून माझ्या डोळ्यासमोर माझाच अर्ज बाहेर येत होता.

नवव्या दिवशी दाखला आला. लवकर आला म्हणून मी खुश, नियमानं पंधरा दिवस असतात. शाळेत दिला तर वर्गशिक्षकांनी पेन्सिलनं आकड्याखाली रेघ मारली आणि म्हणाले, "ताई, हे बघितलंत का?" ३,८२,०००. यांचे १२ महिन्यांचे १,९८,००० आणि त्यात माझी पूर्णच्या पूर्ण विक्री मिसळलेली. गहू कोणी फुकट दिला होता का मला? सिलेंडर काय देवानं पाठवले? आणि सही माझीच, स्वयंघोषणापत्रावर, न वाचता केलेली. त्यामुळं शिव्या तरी कोणाला देणार, अर्ध्या मला अर्ध्या त्याला.

परत गेले तर म्हणे निघालेला दाखला बदलत नाही, नवीन अर्ज करा, परत तीनशे. दोन स्टार दिलेत ते फक्त वेगाला.

दुसरं केंद्र एक ताई चालवतात. तिथं मी आधी सांगितलंच नाही काही, फक्त म्हणलं उत्पन्नाचा दाखला पाहिजे आणि माझा वाळवणाचा धंदा आहे. त्यांचा पहिला प्रश्न काय असेल? "वही आहे का?" किती कमावता नाही विचारलं, कागदपत्रं नाही मागितली, वही. वही होती, तेलाचे डाग पडलेली, मागच्या पानावर पोरीची शुद्धलेखनाची उजळणी. त्यांनी समोर बसवून मला एकेक ओळ वाचायला लावली आणि स्वतः कॅल्क्युलेटरवर बेरीज केली. कच्चा माल ७१,०००. दोन बायकांची मजुरी, ३५० रुपयांनी साठ दिवस, ४२,०००. गॅस ९,०००. पिशव्या, लेबल, खोकी ६,५००. पुण्या-मुंबईचे पार्सल ९,५००. एकूण १,३८,०००. १,८४,००० मधून वजा केले की उरतात ४६,०००. "हे तुमचं उत्पन्न," म्हणाल्या, "वरचं ते गल्ल्यातलं." तीन वर्षं धंदा करतेय, हा ४६ चा आकडा मी पहिल्यांदा बघितला, आणि खरं सांगू का, जरा वाईटच वाटलं.

यात मी स्वतः राबते ते वेगळंच, मजुरी स्वतःची कोण धरतंय. ती धरली तर उरेल काय देव जाणे. असो.

मग तलाठ्याचा अहवाल. (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय पण गावात तलाठीच म्हणतात.) ताईंनी वहीचे झेरॉक्स, फोनपेचं स्टेटमेंट आणि गहू-साबुदाण्याची बिलं एका पिनेत लावून दिली. स्टेटमेंटमध्ये एक गंमत होती ती आधीच दाखवून ठेवली, भिशीचे २०,००० आणि भावानं औषधाला पाठवलेले ६,००० पण त्यात जमा दिसत होते, त्यावर त्यांनी बाजूला पेननं लिहून ठेवायला लावलं. तलाठी भाऊसाहेबांनी शांतपणे बघितलं, आणि विचारलं, "शेती?" सासऱ्यांची अकरा गुंठे आहे यांच्या नावावर, विसरलेच होते मी. ती ४,००० धरली. १,९८,००० अधिक ४६,००० अधिक ४,०००, झाले २,४८,०००. बारा दिवसांत दाखला. फी बोर्डावर लिहिलेली तेवढीच, शंभरच्या आत, पावतीसकट.

आता कोणी म्हणेल अडीच लाखांच्या आत बरोब्बर मोजून बसवलं. म्हणू दे. वही दाखवते या घरी.

कारण अडीच लाखांची रेघ आमच्या घरात फार महत्त्वाची आहे, ती लाडकी बहीणची. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत पाहिजे, आणि पिवळं-केशरी रेशनकार्ड असेल तर वेगळा दाखला लागत नाही, आमचं पांढरं त्यामुळं आम्हाला दाखला. २०२४ ला अर्ज भरला तेव्हा धंदा एवढासाच होता, काही प्रश्न आला नाही. नंतर २०२५ च्या सप्टेंबरपासून ई-केवायसी लागली, त्यात नवऱ्याचं आधार पण द्यावं लागलं. म्हणजे बघा हं, ३,८२,००० चा तो पहिला दाखला नुसत्या शिष्यवृत्तीच्या आड येत नव्हता, महिन्याचे १,५०० पण त्यात जाऊ शकत होते, आणि मी तो आनंदानं फाइलला लावून ठेवला होता.

आणि गणित कसं विचित्र आहे ते सांगते. २,४८,००० वर मी दोन हजारांच्या वर एक रुपया जास्त कमावला की वर्षाचे १८,००० जातात. थोडे थोडे कमी होत नाहीत, एकदम जातात. म्हणजे पुढच्या सीझनला एक मोठी ऑर्डर घेऊन चार हजार सुटले तर मी प्रत्यक्षात चौदा हजारांनी खाली. पगारदार माणसाला आधी कळतं पगार किती वाढणार ते, माझं कळतं मे संपल्यावर, कधी ऊन चांगलं पडलं म्हणून तर कधी एप्रिलात गारपीट झाली म्हणून. उन्हावर आमची पात्रता.

माझी मावसबहीण इंग्लंडात आहे, ती दिवाळीत फराळ करून विकते, तिला हे सांगितलं तर तिचं भलतंच. तिकडं कमी कमाईवाल्यांना सरकार महिन्याला मदत देतं, युनिव्हर्सल क्रेडिट म्हणून, त्यात दर महिन्याचा जमाखर्च महिन्याच्या महिन्याला कळवायचा. कामाची एक ठरावीक सूट सोडली की वरच्या दर पौंडामागं ५५ पेन्स कापतात, म्हणजे आमच्यासारखी एकदम कुऱ्हाड नाही. पण तुमचा तो मुख्य धंदा आहे असं त्यांनी ठरवलं तर पहिलं वर्ष सोडून पुढं किमान वेतनाइतकी कमाई आहे असंच धरतात, मग जानेवारीत तुमचं एक ताट पण विकलं गेलं नसेल तरी. ती म्हणते, तुमची वर्षाची वही बरी. म्हणलं बदलायची का?

ओबीसीवाल्यांसाठी एक, कारण हे मला ताईंनीच सांगितलं आणि मी उडालेच. आरक्षणासाठी लागतो त्या नॉन क्रीमी लेयरच्या दाखल्याला मर्यादा ८ लाखांची आहे, तीन वर्षांचं बघतात, आणि त्यात आईवडलांचा पगार आणि शेती धरत नाहीत पण धंद्याचं उत्पन्न धरतात. उत्पन्नाच्या साध्या दाखल्यात मात्र सगळंच धरतात, पगार, शेती, कुरडया, सगळं. एकाच घराचे दोन कागद आणि दोन हिशोब. तिथं पण विक्री लिहिली की मेलात.

अजून एक, आमच्या भिशीत पक्का समज आहे की इन्कम टॅक्सचं रिटर्न भरलं की लाडकी बहीण गेली. जीआरमध्ये शब्द आयकरदाता आहे, रिटर्न भरणारा असा नाही. मला रिटर्न लागत नाही, आकडाच एवढा नाही. पण ज्या बायका भरतात त्यांनी छोट्या धंद्याच्या ४४एडी कलमाचं नीट विचारून घ्या, त्यात विक्रीच्या ८ टक्के, बँकेतून-यूपीआयनं आलेल्यावर ६ टक्के किमान नफा दाखवायचा असतो, आणि खरा जास्त असेल तर जास्तच. माझा पंचवीस टक्के पडतो. कोणी एजंट म्हणला ताई सहाच टक्के दाखवू तर उठून या.

उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, पण ताईंनी करून दिलं, ते सरकारी साइटवर फुकट आहे आणि त्यांनी पण फुकटच केलं, फक्त प्रिंटचे दहा रुपये. स्टँडवाल्यानं मागच्या वर्षी याचेच आठशे सांगितले होते, आठवलं आणि परत राग आला. घरून मोबाइलवरून पण दाखल्याचा अर्ज करता येतो, आपले सरकारवर लॉगिन करून, फोटो ५ ते २० केबीच्या मधे आणि कागद ७५ ते ५०० केबीच्या मधे बसवायचे. मी एक रात्र बसले, फोटो एकदा ४ केबी व्हायचा एकदा २३. पोरगी म्हणाली आई तू कुरडयाच कर.

तर ताईंचा अर्धा स्टार का कापला. दुपारी दोन ते पाच शटर खाली. फोन उचलत नाहीत म्हणजे नाहीतच. आणि केंद्रात खुर्च्या तीन, बाया तेरा, पंखा फक्त त्यांच्या टेबलाकडं तोंड करून. मी सीझनमध्ये गेले असते तर माझा तेवढाच चीक आंबला असता, जुलै होता म्हणून निभावलं. सकाळी साडेनऊला शटर उघडतात, तेव्हाच जा, वही घेऊन जा, आणि तारखा घालून लिहा, नुसतं "गहू" असं नको. बिल नसेल तर दुकानदाराकडून साध्या कागदावर शिक्का मारून आणा.

परवा परत गेले होते, दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपतेय म्हणून. त्याच दिवशी पुण्याहून एका बाईंची ४० किलो कुरडयांची ऑर्डर आली, ५,००० ॲडव्हान्स लगेच पाठवते म्हणाल्या, माल एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाहिजे. मी ताईंना विचारलं हे यंदाच्यात धरायचं का पुढच्यात. त्या म्हणाल्या पैसे ज्या तारखेला आले ती तारीख लिहा, खरं काय ते लिहा, आणि एकदा कशीही पद्धत धरली की दरवर्षी तीच धरा. बाहेर येऊन पुण्याच्या बाईंना फोन केला, म्हणलं ॲडव्हान्स आत्ता नको, माल हातात पडला की एकदम द्या. त्या म्हणाल्या अहो किती विश्वास तुमचा!