लाइट थेरपीचा दिवा: हेलसिंकीत अख्खा हिवाळा वापरल्यावर

हिवाळ्यात येणाऱ्या नैराश्यावर प्रखर उजेड देणारा हा दिवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला घेतला, हे लिहितेय एप्रिलात. पैसे वसूल झाले, पण खोक्यावर छापलंय तितकं सोपं काम नाही.

मुळात घ्यावा का लागला? इथे डिसेंबरात सूर्य सव्वानऊनंतर उगवतो आणि सव्वातीनच्या सुमारास मावळतो. ऑफिसला जाताना अंधार, येताना अंधार. पहिल्या हिवाळ्यात वाटलं, नवा देश आहे, घरची आठवण येत असेल. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. दहा तास झोपूनही अंग जड, दात घासायचाही कंटाळा, संध्याकाळ झाली की भात, बटाटा नाहीतर गोड. मैत्रिणींचे फोन वाजून वाजून बंद व्हायचे. नैराश्यात झोप उडते, अन्न जात नाही, असंच ऐकलेलं. माझं सगळं उलटंच चाललेलं. कोकणात आषाढात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, पण तो कंटाळा ऊन पडलं की पळतो. हा मार्चपर्यंत हलेना. डॉक्टरांनी आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि ड जीवनसत्त्व तपासायला लावलं, कारण तिथे गडबड असली तरी असाच थकवा येतो. मग विचारलं, "सलग दोन वर्षं याच दिवसांत? आणि वसंतात आपोआप बरं?" अगदी तसंच होतं.

दरवर्षी ठरावीक ऋतूत येणाऱ्या या नैराश्याला 'सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर' म्हणतात. त्याचं वर्णन १९८४ साली मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलं. रोझेन्थाल स्वतः जोहान्सबर्गच्या उन्हातून तिकडे गेलेले. हे वाचून जरा धीर आला, आपणच नाजूक असं नाही.

आता दिवा. '१०,००० लक्स' (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) हे मोठ्या अक्षरांत, आणि ते वीस सेंटिमीटर अंतरावर मिळतात हे खाली मुंगीएवढ्या अक्षरांत. टेबलाच्या पलीकडे सरकवला की उजेड कितीतरी पटींनी घटतो. त्यामुळे पोह्यांची ताटली कडेला आणि दिवा जवळजवळ नाकाशी. थेट बघायचं नाही, पण डोळे उघडे हवेत. मी जरा तिरका, नजरेच्या वर ठेवते. उठल्यावर लगेच, चहाबरोबर अर्धा तास. आई व्हिडिओ कॉलवर दर वेळी म्हणते, "अगं, चेहऱ्यावर हॅलोजन कशाला लावलाय?" संध्याकाळी लावू नका. नवऱ्याने एकदा जेवणानंतर लावून बघितला, तर रात्री एक वाजता गडी फ्रीज पुसत होता.

सुरुवातीला डोकं दुखलं, थोडा मागे सरकवल्यावर थांबलं. आठवडा-दीड आठवड्याने सकाळी उठणं जमायला लागलं, दुपारची पेंगही कमी झाली. गोडाची हाव मात्र पूर्ण गेली नाही. माणसं टाळायची सवयही दिव्याने सुटली नाही. त्यासाठी समुपदेशकाकडे गेले. त्यांची पद्धत साधी: आठवड्याचे कार्यक्रम आधीच लिहून ठेवायचे आणि मन असो नसो, जायचं. रविवारी दुपारी फिरणं त्यातलंच. ढगाळ दुपारीही बाहेर घरापेक्षा कैक पटींनी जास्त उजेड असतो, आणि तो फुकट आहे.

वस्तू म्हणून तक्रारी आहेत. स्टँड डुगडुगतो. वायर आखूड. बटण मागच्या बाजूला, तेही टचचं, उचलताना हात लागला की बंद. चालू केल्यावर उजेड पुन्हा सगळ्यात कमी पायरीवर येतो. एवढ्या किमतीत हे खटकतं. अतिनील किरणं गाळणारा आहे ना, ते मात्र घेण्याआधी नक्की बघा.

बायपोलर (मन कधी अति उत्साही, कधी खचलेलं असा आजार) असेल, डोळ्यांच्या पडद्याचा त्रास असेल, मधुमेहाने डोळे बिघडले असतील किंवा उजेडाला संवेदनशील करणारं औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. आणि जगणंच नको असे विचार येत असतील तर दिव्याची ऑर्डर राहू द्या, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मार्चअखेर मी बंद केला. पुढच्या वेळी लक्षणांची वाट न बघता सप्टेंबर संपता संपता सुरू करायचा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. ब्लॅक फ्रायडेचा सेल नोव्हेंबरात लागतो, त्यासाठी थांबू नका.