‘कडुनिंबाचं’ नॅनो झिंक ऑक्साइड: २५० ग्रॅमचं पाकीट वापरून बघितलं

पाकीट माझं नाही, धाकट्या दिराचं. भाऊजींचं इचलकरंजीत छोटं डाइंग युनिट, म्हणजे कापड रंगवायचा कारखाना आहे. मोबाइलवर जाहिरात बघून त्यांनी १,४०० रुपये मोजले आणि रविवारी जेवायला आले तेव्हा चंदेरी पाउच माझ्यापुढं ठेवला. “वहिनी, तुम्ही केमिस्ट्रीच्या. ह्यानं रंगाचं पाणी निवळतं म्हणं. बघा की जरा.” मी बीएस्सीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. कॉलेजच्या प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडंच असते, त्यामुळं नाही म्हणायला जागा नव्हती.

पाउचवर कडुनिंबाच्या डहाळीचं चित्र आणि खाली दावा: ‘निंबाच्या अर्काने जस्ताचे क्षपण करून बनवलेले १८ नॅनोमीटर झिंक ऑक्साइड. औद्योगिक सांडपाणी शुद्ध करते.’ पहिल्याच वाक्याला माझी लाल शाई लागली. चांदीच्या कणांच्या बाबतीत वनस्पतीचा अर्क क्षपण करतो हे खरं. पण क्षपण म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन धनभार उतरवणं. ही पावडर ज्यापासून बनवतात त्या झिंक नायट्रेटमध्ये जस्ताचा भार +२ आणि झिंक ऑक्साइडमध्येही +२च. मग क्षपण कशाचं झालं? पानातली पॉलिफेनॉलं (तुरट चवीची रसायनं) जस्ताला धरून ठेवतात, कण एकमेकांना चिकटून फुगू देत नाहीत, आणि पुढं भट्टीत ती पानं-बिनं जळून ऑक्साइड उरतं. लेबल लिहिणाऱ्यानं चांदीचा मजकूर जस्ताला डकवलेला दिसतो.

विक्रेत्याकडं मेलवर एक्सआरडीचा, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायच्या चाचणीचा, आलेख मागितला. दोन दिवसांत आला, एवढं कौतुक करायला हवं. ३१.८, ३४.४ आणि ३६.२ अंशांवरची तीन उंच टोकं झिंक ऑक्साइडचीच. माल खोटा नाही. १८ नॅनोमीटर मात्र शेररच्या सूत्रावरून, आलेखातल्या टोकांच्या रुंदीवरून काढलेले, म्हणजे तो स्फटिकाचा आकार. असे कित्येक स्फटिक चिकटून एक कण होतो, आणि पाण्यात पडतो तो कण.

आता निंबाचं. पावडर पांढरीशुभ्र, वास नाही. क्रुसिबलमध्ये तापवली तर पिवळी झाली, गार झाल्यावर पुन्हा पांढरी. हे कुठलंही झिंक ऑक्साइड करतं. भट्टीतून निघालेल्या पावडरीत निंब होता की नव्हता हे माझ्या प्रयोगशाळेत तरी सांगता येत नाही, पुरावा आधीच जळालेला असतो. म्हणून कॉलेजच्या आवारातल्या निंबाची २० ग्रॅम पानं १०० मिली पाण्यात उकळून गाळली, त्यात झिंक नायट्रेट घालून आटवलं आणि तो खळीसारखा लगदा मफल फर्नेसमध्ये (प्रयोगशाळेतल्या विजेच्या भट्टीत) ४०० अंशांवर दोन तास ठेवला. ‘हिरव्या’, म्हणजे पर्यावरणाला सोयीच्या म्हणवणाऱ्या, पद्धतीचा धूर तांबडा निघाला. नायट्रेट तापलं की नायट्रोजन डायऑक्साइड हा विषारी वायू येणारच, धूर बाहेर ओढणाऱ्या फ्युम हूडशिवाय हे कुणी करू नये. दोन तासांची वीज वेगळीच. माझी पावडर फिकट पिवळसर झाली, थोडी राखेसारखी.

तिसरा गडी मुद्दाम घेतला: केमिकलच्या दुकानातलं साधं झिंक ऑक्साइड, ५०० ग्रॅम ४८० रुपयांना. (आयुर्वेदातलं यशद भस्म म्हणजेही मुख्यतः हेच. आजी ऐकती तर म्हणाली असती, एवढ्यासाठी एमएस्सी केलीस होय!)

गच्चीवर चार बीकर मांडले. प्रत्येकात मिथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगाचं १०० मिली पाणी, लिटरला १० मिलिग्रॅम या हिशेबानं. तिघांत ५० मिलिग्रॅम पावडर, चौथा कोरा. आधी अर्धा तास अंधारात ढवळले, कारण रंग नुसता पावडरीला चिकटला तरी पाणी फिकट दिसतं आणि लोक त्यालाच शुद्धीकरण म्हणतात. मग अकराच्या उन्हात. दोन तासांत पाकिटाचा बीकर जवळजवळ पाण्यासारखा झाला. माझा निंबवाला अर्धा तास मागं. दुकानातलं साधं ऑक्साइड पाकिटाच्या दहा मिनिटं मागं. कोरा बीकरही साधारण सहावा हिस्सा फिकटला होता, नुसत्या उन्हानं. हा कोरा बीकर विक्रेत्याच्या व्हिडिओत कुठंच नाही.

काम होतं ते असं: झिंक ऑक्साइडला इलेक्ट्रॉन जागचा हलवायला सुमारे ३.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते, म्हणजे अतिनील किरण. त्यातून पाण्यात हायड्रॉक्सिल रॅडिकल हे अतिशय क्रियाशील कण बनतात आणि ते रंगाचा रेणू तोडतात. उन्हातला अतिनील भाग शंभरात चार-पाच. त्यामुळं ढगाळ दिवशी हे पाकीट फारच संथ.

इथवर भाऊजी खूश. दुसऱ्या दिवशी युनिटमधून कॅनभर खरं पाणी घेऊन आले: रिअ‍ॅक्टिव्ह लाल, पीएच ११ (७ म्हणजे उदासीन, वर अल्कधर्मी, खाली आम्लधर्मी), मीठ आणि सोडा भरपूर. चार तास ऊन दाखवलं. लाल ते लालच, फार तर एक छटा खाली. कारणं सरळ आहेत. एवढ्या गडद पाण्यात किरण खोल जातच नाहीत, आणि सोड्यातलं कार्बोनेट रॅडिकलना रंगापर्यंत पोचायच्या आधीच खाऊन टाकतं. वर मिठामुळं पावडरीचे गोळे झाले आणि ती वीस मिनिटांत तळाला बसली. दहापट पातळ करून परातीत बोटभर उंचीनं ओतलं तेव्हा कुठं फरक दिसला. पण रोज हजारो लिटर पाणी सोडणाऱ्यानं पराती किती मांडायच्या?

मग भाऊजींनी परस्पर शहाणपण केलं. पीएच उतरवायला आम्ल ओतत गेले, पट्टीवर ३ दिसेपर्यंत. मला हाक मारली, “वहिनी, पावडर कुठं गेली?” गेली कुठं, विरघळली! लिटरला अर्धा ग्रॅम झिंक ऑक्साइड विरघळलं तर पाण्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम जस्त येतं. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात स्वीकार्य मर्यादा ५ मिलिग्रॅम आहे. रंग काढायला जाऊन पंचगंगेत जस्त घातलं असतं, आणि माशांना लाल रंगापेक्षा ते जास्त बाधलं असतं. पाउचवर पीएचबद्दल चकार शब्द नाही. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच, अर्धा स्टार तिथंच कापला.

गाळण्याचंही तसंच. निळ्या, बिनमिठाच्या पाण्यातून पावडर साध्या फिल्टर पेपरनं निघत नाही, दुधाळ पाणी खाली उतरतं. मी दोन दिवस निवळू दिलं, तरी शेवटी सेंट्रिफ्यूज (जोरात फिरवून गाळ खाली बसवणारं यंत्र) लावावं लागलं.

हिशेब करायचा तर लिटरला अर्धा ग्रॅम धरून हे पाकीट ५०० लिटरला एकदाच पुरतं. म्हणजे लिटरमागं २ रुपये ८० पैसे, तेही आधीच स्वच्छ असलेल्या निळ्या पाण्याला.

पाचात अडीच स्टार. पॅकिंग चांगलं, डिलिव्हरी चार दिवसांत, माल शुद्ध. प्रॅक्टिकलसाठी कॉलेजांनी घ्यायला हरकत नाही, पण मग साधं झिंक ऑक्साइडच घ्या आणि निंबाची पानं मुलांना स्वतः उकळू द्या. डाइंगवाल्यांनी घेऊ नये.

उरलेली पावडर तिसऱ्या वर्षाच्या मुलांना दिली. भाऊजींचा काल परत फोन: “वहिनी, चहाच्या अर्कातनं लोखंडाची पण येते म्हणं, चुंबकानं काढता येते.” येते हे खरं, आणि गाळण्याचा त्रासही त्यानं कमी होतो. पण या वेळी म्हटलं, आधी तुमच्या लाल पाण्याचा कॅन पाठवा, पाकीट नंतर मागवू.