अंकी: चाकणच्या बसमध्ये सतरा महिने वापरल्यावर

'वाट पाहणे' या अर्थाची कांजी, म्हणजे जपानी लिखाणातलं चिनी अक्षर, माझ्या डोक्यात चार वेळा बसली आणि पाच वेळा उठली. उच्चार मात्सु. डावीकडे रस्त्याची खूण, उजवीकडे देऊळ. दिसायला सोपी, पण हेच देऊळ घेऊन बसलेली तिची भावंडं इतकी आहेत की रोज कुणीतरी कुणाच्या तरी जागी उभं राहायचं. आठव्यांदा चुकलो तेव्हा अंकीने, म्हणजे उजळणीची कार्डं दाखवणाऱ्या माझ्या अ‍ॅपने, ते कार्ड बाजूला काढून त्यावर 'लीच' असा शिक्का मारला. लीच म्हणजे जळू. रोजचा वेळ शोषून घेणारं आणि काहीच परत न देणारं कार्ड.

त्या रात्री मी कांजी लक्षात राहावी म्हणून त्या कार्डावर असलेली इंग्रजी गोष्ट पुसली आणि मराठीत लिहिलं: 'रस्त्यावरून देवळाकडे निघालोय आणि दर्शनबारीत उभा आहे. माथा टेकायचाय ना? मग वाट बघ.' माथा, मात्सु. आमचं गाव पंढरपूरपासून तासाभरावर. लहानपणी आईचं बोट धरून मी त्या बारीत सात-सात तास उभा राहिलो आहे. ही कांजी नंतर एकदाही चुकली नाही.

मी चाकणला एका जपानी कंपनीत क्वालिटीमध्ये आहे. ड्रॉइंग जपानीतून येतात, तक्रारींचे कागद जपानीतून येतात आणि दुभाषी ताई आठवड्यातून तीनच दिवस असतात. म्हणून शनिवार-रविवारचा क्लास लावला, गेल्या डिसेंबरात जपानी भाषेच्या परीक्षेची एन4 पातळी झाली, आता तिच्या वरच्या एन3ची तयारी चालू आहे. जपानमध्ये सरकारने रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या कांजी 2136 आहेत. एवढ्यांचं नुसतं घोकून काय होतं ते मी पहिल्या वर्षी पाहिलं: तीन दोनशेपानी वह्या भरल्या आणि परीक्षेत 'विकत घेणे' आणि 'विकणे' यांत गडबडलो.

अंकी हे कार्डं दाखवणारं सॉफ्टवेअर. डेमियन एल्म्स यांनी 2006मध्ये ते पहिल्यांदा बाहेर आणलं, आणि नाव जपानीच आहे. अंकी म्हणजे पाठांतर. पहिली कांजी अंधाराची, दुसरी नोंदीची. कॉम्प्युटरवर फुकट, अँड्रॉइडवर अंकीड्रॉइड नावाने फुकट, आयफोनवर मात्र एकदाच सुमारे 25 डॉलर मोजावे लागतात. जाहिरात नाही, महिन्याचं भाडं नाही. इंटरनेट नसलं तरी चालतं. नाशिक फाट्यावर कंपनीची बस अडकते तेव्हा ही गोष्ट सोन्यासारखी वाटते.

काम असं चालतं. कार्डाच्या एका बाजूला शब्द दिसतो, आपण मनात उत्तर द्यायचं, उलटून बघायचं आणि चारपैकी एक बटण दाबायचं: अगेन, हार्ड, गुड, इझी. तुमच्या उत्तरावरून ते कार्ड पुन्हा कधी दाखवायचं ते ठरतं. नवीन शब्द दहा मिनिटांनी, मग उद्या, मग काही दिवसांनी, मग महिन्याने. विसरायच्या बेतात असताना नेमकं समोर आणायचं, हे त्याचं सगळं कसब. 2023च्या अखेरीस त्यात एफएसआरएस नावाची नवी आकडेमोड आली. आपल्याला किती टक्के लक्षात राहायला हवं तेवढं सांगायचं, बाकी ती बघते. मी 90वर ठेवलं आहे.

पण मला मुख्यतः सांगायचंय ते वेगळंच. अंकी हा रिकामा डबा आहे. त्यात काय भरायचं ते आपण ठरवायचं, आणि माझ्या मते तिथेच सगळं ठरतं.

सुरुवातीला मी तयार माल घेतला होता. एका नावाजलेल्या वेबसाइटची वर्षाची वर्गणी भरली. तिथे प्रत्येक कांजीला इंग्रजीतून एक गोष्ट होती आणि गोष्टी हुशारीने रचलेल्या होत्या. पण त्यातले खेळ, खाणं, पुढारी, सण यांच्याशी माझा कधी संबंधच आला नाही. म्हणजे आधी गोष्ट पाठ करायची आणि मग गोष्टीवरून कांजी. ओझं दुप्पट. शिवाय इंग्रजी शब्दाच्या आवाजावरून जपानी उच्चार धरायचा म्हणजे दोन्हींच्या मधे एक परका कान बसतो.

आपला मराठी कान तर जपानीसाठी तयारच आहे. 'त्सु' म्हणताना जीभ 'चिमणी'तल्या नाही, 'चाक'मधल्या च च्या जागी जाते. ड्रॉइंगला झुमेन म्हणतात, त्यातला पहिला आवाज 'झाड'मधला नाही, 'जमीन'मधला ज आहे. म्हणून माझ्या कार्डावर आहे: 'झुमेन, म्हणजे जमिनीचा नकाशा, तलाठ्याकडून आणलेला.' आणि त्यांची वर्णमाला अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व अशा क्रमाने चालते, ती आपल्याच संस्कृत वर्णमालेच्या वळणाने, बौद्ध पंडितांच्या हातून तिकडे पोचलेली. क्लासच्या पहिल्या दिवशी सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या जपानीच्या बाईंनी, हे फळ्यावर लिहिलं तेव्हा आपल्याच घरातलं भांडं शेजारी सापडावं तसं मला झालं.

आता देवळाचं ते कुटुंब सविस्तर सांगतो, कारण माझ्या डेकमधला, म्हणजे कार्डांच्या गठ्ठ्यातला, तोच सगळ्यात चांगला भाग आहे. देऊळ म्हणजे तेरा. 'गावात देवळं किती? तेरा.' झालं. त्याच्या डावीकडे हात लावला की 'धरणे', मोत्सु: देवळात जाताना हातात धरलेला मोठा हार. डावीकडे बैल लावला की 'विशेष', तोकु: महादेवाच्या देवळापुढे नंदी, आणि त्याच्या शिंगांच्या टोकांमधून घ्यायचं ते दर्शन विशेष. टोक, तोकु. माणूस लावला की सामुराई. मूळ अर्थ सेवेला हजर असणारा, म्हणून माझ्याकडे तो देवळाच्या दाराशी उभा आहे. सूर्य लावला की 'वेळ', काकडआरतीनंतर उगवणारा. वाणी लावली की 'कविता'. देवळात वाणी म्हणजे अभंगच, त्यावर दुसरं काही लिहायची गरजच पडली नाही. आणि वर बांबू ठेवला की 'समान': पताकेची काठी खांद्यावर घेतली की वारीत सगळे सारखे.

सात कांजी एका संध्याकाळी बसल्या. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये सेन्सेईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "गोष्टी छान आहेत, पण इतिहास म्हणून कुणाला सांगू नका हं. यातल्या बऱ्याच ठिकाणी देऊळ अर्थासाठी नाही, आवाजासाठी आलंय." खरंच, कांजीला जपानी उच्चाराबरोबर चिनी पद्धतीचाही उच्चार असतो, आणि वेळ, धरणे, सामुराई यांचा चिनी पद्धतीचा उच्चार 'जि' आणि देवळाचाही 'जि'. मी तीही ओळ कार्डावर टाकली. आता नवी कांजी दिसली की आधी ओळखीचा तुकडा शोधतो आणि आवाजाचा अंदाज बांधतो. पुष्कळदा बरोबर येतो.

कारखान्यातल्या शब्दांसाठी तर हा डबा फारच कामाचा. आपल्याकडे ऑपरेटरपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना काइझेन (सतत सुधारणा), गेम्बा (प्रत्यक्ष कामाची जागा), मुदा (वाया जाणं), कानबान (काम पुढे सरकवायची चिठ्ठी) तोंडपाठ असतात. आवाज आणि अर्थ आधीच घरात आहेत, फक्त चेहरा ओळखायचा राहिलाय. फाइव्ह एसचा, म्हणजे कारखान्यातल्या टापटिपीच्या पाच नियमांचा, तक्ता मी पंधरा वर्षं पाहत होतो: सेइरी, सेइतोन, सेइसोओ, सेइकेत्सु, शित्सुके. पहिल्या दोन शब्दांची पहिली कांजी एकच आहे, हे अंकीत कार्ड करताना कळलं. वर डावीकडे जुडी, उजवीकडे काठी धरलेला हात, खाली 'बरोबर'. मार्केट यार्डात कोथिंबिरीची जुडी बांधतात, वर दोन टपल्या मारतात, देठ सरळ करतात, तेच. आणि शेवटच्या शित्सुकेची कांजी डावीकडे 'शरीर' आणि उजवीकडे 'सुंदर' अशी आहे. ही चीनमधून आली नाही, जपानमध्येच घडवली. अंगी शिस्त बाणलेला माणूस सुंदर दिसतो, असं ज्यांनी लिहून ठेवलं त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

तपासणीला केन्सा म्हणतात. दोन्ही कांजींत झाड आहे, एकीत डावीकडे, एकीत वर. माझं कार्ड: 'कणसा-कणसातला दाणा तपास.' टॉलरन्सला कोओसा. हे कार्ड मला सगळ्यात प्रिय आहे: 'बारा कोसांवर भाषा बदलते, तरी मराठीच राहते.' टॉलरन्स म्हणजे नेमकं तेवढंच, चालण्याजोगा फरक. नवीन आलेल्या ट्रेनी मुलाला हा शब्द समजावताना मी हेच वाक्य वापरलं आणि त्याला टॉलरन्सही कळला.

एक गोष्ट फसली, तीही सांगतो. मापाला सुन्पोओ असं वाचून मी 'सूनबाईंनी पोहे मापाने घेतले' असं लिहिलं. सेन्सेईंनी थांबवलं. पुढे प असला की तिथे न राहत नाही, म होतो. "अहो, तुमच्याकडे अनुस्वार आहे की, तो द्या ना," त्या म्हणाल्या. सुंपोओ. जसं आपण संप म्हणतो. तेव्हापासून कार्डावर 'माप चुकलं की लाइनचा संप' आहे. अंकीही तसंच, 'अन्की' नाही, 'अंक'मधला अनुस्वार.

वापरणाऱ्यांसाठी कामाच्या दोन-तीन गोष्टी. पहिली फार महत्त्वाची: कार्डाला जपानी फॉन्ट लावा. माझ्या फोनवर काही कांजी चिनी वळणाने दिसत होत्या आणि मला पत्ताच नव्हता. 'रीवर्क', म्हणजे चुकलेल्या मालाची दुरुस्ती, याला तेनाओशी म्हणतात, त्यातल्या नाओ या कांजीला जपानीत खाली डावीकडे एक कोन असतो. मी महिनाभर फोनवर पाहून सरळ रेषेने गिरवली आणि वहीत लाल खूण आली. कार्डाच्या साच्यात भाषा जपानी अशी एक ओळ घातली की हे सुटतं.

दुसरी: कांजी सुटी शिकू नका, शब्द शिका. 'जीवन' या अर्थाची एकच कांजी शिक्षकात सेइ होते, वाढदिवसात जोओ होते, जगण्यात इ होते, जन्मण्यात उ होते आणि कच्च्या माशाच्या आधी नामा होते. सुट्या कांजीचे सगळे उच्चार एका कार्डावर लिहिलेत तर ते कार्ड जळूच होणार. मी प्रत्येक शब्दाला वेगळं कार्ड करतो: पुढे फक्त शब्द आणि एक लहान वाक्य, मागे हिरागाना (उच्चार दाखवणारी जपानी अक्षरं), अर्थ, गोष्ट. देवनागरीत उच्चार लिहीत नाही. लिहिला की डोळे आधी तिकडेच धावतात.

तिसरी: नवीन कार्डांचा आकडा कमी ठेवा. अंकी आपणहून रोज 20 देतं. नोकरी करणाऱ्याला ते जड जातं, कारण आजचे 20 पुढच्या आठवड्यात उजळणीला परत येतात. मी 8वर आहे. दिवाळीत नऊ दिवस गावी गेलो, फोन उघडलाच नाही. परत आलो तर सहाशे चाळीस उजळण्या थकलेल्या. पाच दिवस नवीन बंद ठेवून त्या फेडल्या. आणि फोन-कॉम्प्युटर जुळवताना कधी कुठली बाजू ठेवायची असं विचारलं, तर घाईत बटण दाबू नका, दोनदा वाचा.

दिसायला हे रुक्ष आहे. बक्षिसं नाहीत, गाणारं पाखरू नाही, सेटिंगची पानं पाहून पहिल्या आठवड्यात माझाही धीर सुटत होता. आणि गोष्ट रचायला वेळ लागतो, एका शब्दाला कधी पाच मिनिटं, कधी रविवारची सगळी सकाळ. ज्यांना परीक्षा तीन आठवड्यांवर आहे त्यांनी आत्ता सुरू करू नये. ज्यांच्याकडे वर्ष आहे त्यांनी आज रात्रीच पहिलं कार्ड करावं. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा त्या सेटिंगच्या पानांसाठी कापला.

माझं डेक बऱ्याच जणांनी मागितलं. दोघांना दिलंही. एकाला उपयोग झाला, तो बार्शीचा आहे. दुसरी मुलगी मालवणची. तिला दर्शनबारी लागू पडेना, तिने 'वाट पाहणे'साठी जत्रेतला दशावतार सुरू व्हायची वाट पाहणारी माणसं घातली. तिचं कार्ड तिच्या डोक्यात पक्कं बसलं.

सध्या माझ्याकडे तीन जळवा आहेत आणि तिन्ही कारखान्यातल्याच. ताइओओ म्हणजे आलेल्या प्रसंगाला तोंड देणं, ताइशोओ म्हणजे ज्याच्यावर काम करायचं ती वस्तू, ताइसाकु म्हणजे पुन्हा होऊ नये म्हणून केलेला उपाय. तिन्हींची पहिली कांजी एकच, आणि तक्रारीच्या एकाच कागदावर तिन्ही हजर. ताइसाकुसाठी 'ताई, साकव बांधा, पुन्हा ओढ्यात कुणी पडू नये' इथपर्यंत पोचलोय आणि ते टिकेल असं वाटतंय. बाकी दोन अजून मोकळे आहेत. कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, कार्ड आजच करतो.