निपाणीच्या दुकानाचा कर: पार्शल अ‍ॅप्लिकेशन की लॅम्डा?

निपाणीच्या व्यापाऱ्याने चिकोडीला माल पाठवला, तर बिलावर केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी लागतो. तोच माल सुमारे ४० किलोमीटरवरच्या कोल्हापूरला पाठवला, तर राज्याबाहेरच्या विक्रीवरचा आयजीएसटी. त्यामुळे सीमाभागातील दुकानांसाठी बिलाचे सॉफ्टवेअर लिहिताना विक्रेत्याचे राज्य, ग्राहकाचे राज्य, दर आणि रक्कम अशी चार मूल्ये घेणारे फंक्शन, म्हणजे मूल्ये घेऊन उत्तर देणारा कोडचा तुकडा, लागतेच. यातले पहिले मूल्य बेळगाव जिल्ह्यातल्या दुकानापुरते कायम कर्नाटक असते. ते एकदाच बसवून उरलेल्या तीन मूल्यांचे नवे फंक्शन मिळवणे, हे पार्शल अ‍ॅप्लिकेशन. हेच काम लॅम्डाने, म्हणजे जागच्या जागी लिहिलेल्या निनावी फंक्शननेही होते. मग निवड कशाच्या आधारे करावी?

हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत हा प्रश्न फारसा उरत नाही, कारण तिथे प्रत्येक फंक्शन मुळातच एकेक मूल्य घेणारे असते. या पद्धतीला, म्हणजे करिंगला, तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांचे नाव मिळाले असले, तरी ती कल्पना तर्कशास्त्रज्ञ शोनफिंकेल यांनी १९२४ मध्येच मांडली होती. पायथन या भाषेत मात्र २००६ च्या २.५ आवृत्तीपासून त्यासाठी 'पार्शल' हे वेगळे साधन आहे, आणि खरी तुलना तिथेच करावी लागते.

समजा, ५ आणि १८ टक्के या दरांवर लूप (तेच काम एकेका दरासाठी पुन्हा करणारा कोड) फिरवून आपण दोन लॅम्डा तयार केले. लॅम्डा दराचे मूल्य तो प्रत्यक्ष वापरला जाताना शोधतो, तयार होताना नव्हे. म्हणून लूप संपल्यावर दोन्ही लॅम्डा १८ टक्केच आकारतात, आणि ५ टक्क्यांच्या मालाचे बिल चुकते. पार्शल मूल्य तिथल्या तिथे बांधून ठेवतो. शिवाय तपासताना त्यात कोणते फंक्शन व कोणती मूल्ये आहेत, हे दिसते. लॅम्डा निनावीच राहतो. अशा कामाला मी डोळे झाकून पार्शल निवडेन.

त्याची अडचण मूल्यांच्या क्रमात आहे. नाव न देता मूल्ये बसवली, तर ती सहसा डावीकडून भरली जातात. म्हणून क्वचित बदलणारे मूल्य आधी आणि रक्कम शेवटी, असा क्रम मूळ फंक्शन लिहितानाच ठरवावा. दुसऱ्याने लिहिलेल्या फंक्शनचा क्रम उलटा असेल, तर लॅम्डाच सुटसुटीत पडतो.

कंपोझिशन या जीएसटीतल्या छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या योजनेतल्या दुकानदाराला ग्राहकाकडून कर घेता येत नाही. अशी अट मध्ये आली, की पार्शल आणि लॅम्डा दोन्ही बाजूला ठेवून नाव असलेले साधे फंक्शन लिहावे.