लिनक्स टाकलं आणि स्क्रीन बिघडली: नूवो, एनव्हिडियाचा ड्रायव्हर, की कार्डच काढून ठेवायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि घरातले, क्लासमधले, छोट्या ऑफिसांतले असंख्य जुने डेस्कटॉप अधांतरी राहिले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर हवा. ते नसलं की कुणीतरी उबुंटू किंवा मिंट अशा लिनक्सचा पेनड्राइव्ह घेऊन येतं. इन्स्टॉलेशन सुरळीत होतं, वायफाय लागतो, प्रिंटरही सापडतो. घोडं अडतं ते डिस्प्लेवर. रीस्टार्ट केल्यावर काळी स्क्रीन, किंवा १९२० × १०८० च्या मॉनिटरवर १०२४ × ७६८ ची ताणलेली चित्रं, किंवा माउस हलवला तरी मागे रेंगाळणाऱ्या खिडक्या.

हे दुखणं बहुतेक वेळा एनव्हिडियाचं कार्ड असलेल्या मशीनवर येतं, म्हणून हा आढावा त्यांच्यासाठीच. इंटेलचं ऑनबोर्ड ग्राफिक्स आणि एएमडीची कार्डं यांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतात. तिथे त्रास झाला तर कारण सहसा एकच: कार्ड नवं आणि डिस्ट्रोचा (उबुंटू, मिंट अशा लिनक्सच्या तयार आवृत्तीचा) कर्नल जुना. नवा कर्नल टाका, विषय संपला.

आधी केबल बघा

ड्रायव्हरचा निर्णय घेण्याआधी पाच मिनिटं कॅबिनेटच्या मागे घालवा. मॉनिटरची केबल कार्डाला लावली आहे की मदरबोर्डाला? दोन्हीकडे एचडीएमआयचं तोंड असतं आणि टेबलाखाली वाकून चाचपडत लावताना हमखास चुकीच्या ठिकाणी जाते.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. जुना मॉनिटर व्हीजीएचा असेल तर मॉनिटर स्वतःची माहिती, म्हणजे मी अमुक रिझोल्यूशनचा आहे हे, केबलमधल्या दोन पिनांवरून कळवतो: १२ आणि १५. पंधरा पिनांच्या त्या प्लगमध्ये या दोन्ही तिसऱ्या ओळीत असतात. स्वस्तातल्या केबलमध्ये त्या कधी कधी नसतातच, आणि एचडीएमआयवरून व्हीजीए करणारे हलके कन्व्हर्टर ही माहिती पुढे पाठवत नाहीत. कर्नलला मॉनिटर कोणता तेच कळत नाही आणि तो बिचकून १०२४ × ७६८ वर थांबतो. ड्रायव्हर नसतानाही पुष्कळदा नेमकं असंच चित्र दिसतं, म्हणून लोक निष्कारण ड्रायव्हर काढत-घालत बसतात.

दोन्हींतला फरक ओळखायची सोपी खूण आहे. सेटिंग्जमध्ये अबाउट उघडा आणि ग्राफिक्सच्या ओळीत काय लिहिलंय ते वाचा. तिथे कार्डाचं नाव असेल तर ड्रायव्हर ठीक चालतोय, संशय केबलवर घ्या. तिथे ‘एलएलव्हीएमपाइप’ (llvmpipe) असेल तर कार्ड नुसतं बसून आहे आणि सगळी चित्रं प्रोसेसर काढतोय. आता पुढचं वाचा.

(टीव्हीला जोडलं असेल आणि कडा कापल्या जात असतील तर लिनक्सला दोष देऊ नका. टीव्हीच्या मेनूत ओव्हरस्कॅन बंद करायचा असतो.)

नोमोडसेट: दार उघडण्यापुरतं

पेनड्राइव्हवरूनच काळी स्क्रीन येत असेल तर उबुंटूच्या सुरुवातीच्या मेनूत ‘सेफ ग्राफिक्स’ असतं. इन्स्टॉल झाल्यावर काळी झाली तर चालू करताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आणायचा, पहिल्या ओळीवर इंग्रजी ई दाबायचं, ‘लिनक्स’ने (linux) सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट (nomodeset) हा शब्द सलग, छोट्या इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा आणि एफ १० दाबायचं. एवढ्यावर बहुतेक मशीन उघडतात.

यात होतं असं, की कर्नल कार्डाला हातच लावत नाही; बायोसने जे चित्र सुरू करून दिलं त्यावरच भागवतो. म्हणून दुसरा मॉनिटर लागत नाही, रिझोल्यूशन बदलत नाही, यूट्यूब लावलं की प्रोसेसरचा पंखा घरघरायला लागतो. ‘ग्रबच्या फाइलमध्ये कायमचं टाकून द्या, चालतंय’ असा सल्ला सर्रास मिळतो. माझं मत स्पष्ट आहे: हा सल्ला ऐकू नका. आत शिरण्यासाठी वापरा, ड्रायव्हरचा बंदोबस्त करा आणि तो शब्द काढून टाका.

खरी निवड: कार्ड कुठल्या पिढीचं?

नूवो हा बाहेरच्या लोकांनी कार्डाचं वागणं तपासून तपासून लिहिलेला मुक्त ड्रायव्हर. २०१० मध्ये, २.६.३३ या आवृत्तीपासून, तो कर्नलमध्ये आहे, म्हणून लिनक्स टाकल्यावर आपोआप हाच चालू होतो. दुसरा एनव्हिडियाचा स्वतःचा. या दोघांवरून वर्षानुवर्षं वाद चाललेत. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्सने कॅमेऱ्यासमोर एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं ते याच रागातून. पण तुमचा प्रश्न तत्त्वाचा नाही, तुमच्या कॅबिनेटमध्ये काय आहे याचा आहे.

| पिढी | ओळखीची कार्डं | एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची आवृत्ती | नूवोची स्थिती |
|---|---|---|---|
| फर्मी | जीटी ४३०, जीटी ७३० चा एक प्रकार | ३९०, सपोर्ट २०२२ अखेर संपला | साध्या कामाला चालतो |
| केपलर | जीटी ७१०, जीटी ७३० चा दुसरा प्रकार | ४७०, सपोर्ट २०२४ मध्ये संपला | बऱ्यापैकी |
| मॅक्सवेल, पास्कल | जीटीएक्स ७५० टीआय, ९६०, जीटी १०३०, जीटीएक्स १०५० टीआय | ५८०, या कार्डांसाठी शेवटची शाखा | ९०० मालिकेपासून वेग अडलेला |
| ट्युरिंग आणि पुढे | जीटीएक्स १६५०, आरटीएक्स २० ते ५० | चालू आवृत्ती | झपाट्याने सुधारतोय |

सगळ्यात सोपा निकाल शेवटच्या ओळीचा. जीटीएक्स १६५० किंवा त्यापुढचं कार्ड असेल तर एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाका आणि कामाला लागा. या कार्डांत जीएसपी नावाचा छोटा प्रोसेसर असतो, आणि मे २०२२ पासून एनव्हिडियाने या कार्डांसाठी ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला आहे. आरटीएक्स ५० मालिकेला तर खुला भागच लागतो, बंद चालत नाही. नूवोलाही याच जीएसपीचा फायदा झाला: जानेवारी २०२४ च्या ६.७ कर्नलपासून तो जीएसपीचं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) वापरून कार्ड पूर्ण वेगाने पळवू शकतो, आणि मेसा या मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या संचात २४.१ पासून एनव्हीके हा व्हल्कनचा (नवे गेम वापरतात त्या ग्राफिक्स पद्धतीचा) मुक्त ड्रायव्हर रीतसर सोबत येतो. फक्त ब्राउझर, ऑफिस आणि अधूनमधून गेम एवढंच असेल तर नूवोवर राहूनही भागेल. पण ब्लेंडरमध्ये कार्डावर रेंडरिंग, दाविंची रिझॉल्व्ह किंवा कूडा (कार्डाकडून गणितं करून घ्यायची एनव्हिडियाची सोय) लागणारं काहीही असेल तर नूवोवर ते होणार नाही, तिथे चर्चाच नको.

मॅक्सवेल-पास्कलची ओळ खरी कटकटीची. जीटीएक्स ९०० मालिकेपासून एनव्हिडियाने फर्मवेअरवर स्वतःची सही सक्तीची केली. सहीशिवाय कार्डाचा वेग वाढवता येत नाही, आणि तशी सही केलेलं फर्मवेअर नूवोला मिळालंच नाही. परिणामी जीटीएक्स १०५० टीआय नूवोवर चालू होताना जो वेग असतो त्याच वेगावर अडकून पडतं. डेस्कटॉप दिसतो, पण पैसे देऊन घेतलेलं कार्ड जेमतेम रांगतं. इथे एनव्हिडियाचा ५८० हाच पर्याय. नव्या शाखांनी ही कार्डं सोडून दिली आहेत, त्यामुळे ‘सर्वात नवा तो घ्या’ असं इथे करायचं नाही. नेमका ५८० निवडायचा. (७५० टीआय याला अपवाद. ते मॅक्सवेल असूनही या सहीच्या आधीचं आहे.)

जुन्या कार्डांची दुहेरी कोंडी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत असेंबल करून घेतलेल्या जुन्या पीसीत जीटी ७१० किंवा ७३० हमखास सापडतं. ७३० ची तर गंमत आहे: एकाच नावाखाली फर्मी आणि केपलर अशा दोन वेगळ्या चिपा विकल्या गेल्या. १२८ बिटचं डीडीआर३ वालं असेल तर ते फर्मी, त्याला ३९०. ६४ बिटचं असेल तर केपलर, त्याला ४७०. खोक्यावरचं नाव वाचून ड्रायव्हर निवडला तर निम्म्या लोकांची स्क्रीन काळी होणारच. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय (lspci) ही आज्ञा दिली की चिपचं खरं नाव दिसतं: ‘जीएफ’ने (GF) सुरू झालं तर फर्मी, ‘जीके’ने (GK) झालं तर केपलर.

३९० नव्या डिस्ट्रोंच्या भांडारात सहसा मिळतच नाही, म्हणून फर्मीवाल्यांनी नूवोवर राहावं. केपलरवाल्यांना ४७० मिळेल, पण पुढे दुसरी अडचण उभी आहे. खिडक्या स्क्रीनवर मांडणाऱ्या लिनक्सच्या दोन व्यवस्था आहेत: जुनी एक्स ११ आणि नवी वेलँड. ४७० चं आणि वेलँडचं पटत नाही. आजचे वेलँड डेस्कटॉप ज्या पद्धतीने चित्र मागतात ती एनव्हिडियाने ४९५ पासून आणली. म्हणजे ४७० वापरायचा तर एक्स ११ हवं. आणि उबुंटूचा डेस्कटॉप असलेल्या गनोमने ४९ या आवृत्तीत एक्स ११ चं सत्र मूळ बांधणीत बंद केलं, उबुंटू २५.१० मध्ये गनोमला ते उरलेलंच नाही. ड्रायव्हर जुना आणि डेस्कटॉप नवा, अशा जोडीत लॉगिननंतर काळी स्क्रीन येते आणि माणूस पुन्हा ड्रायव्हरवरच संशय घेतो.

यावर चांगला तोडगा लिनक्स मिंट २२ चा सिनॅमन डेस्कटॉप. तो उबुंटू २४.०४ वर उभा आहे आणि काही न बदलता एक्स ११ वरच चालू होतो. केपलर कार्ड ठेवायचंच असेल तर माझी निवड हीच. फक्त कर्नल उगाच पुढे नेऊ नका. नव्या कर्नलवर जुन्या ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) तयार होत नाही, आणि ड्रायव्हर टाकताना नूवोला आधीच बंद करून ठेवलेलं असतं. त्यामुळे हाही नाही आणि तोही नाही. तसं झालंच तर ग्रबच्या ‘ॲडव्हान्स्ड’मधून मागचा कर्नल निवडा, मशीन परत उभं राहतं.

एक्स ११ की वेलँड, हे बाकीच्यांसाठी इतकं जिवावरचं नाही. दोन वेगळ्या रिझोल्यूशनचे मॉनिटर असतील आणि प्रत्येकावर वेगळं स्केलिंग हवं असेल तर वेलँड नक्कीच सरस. एनव्हिडियावर पूर्वी खिडक्या लुकलुकायच्या. जून २०२४ च्या ५५५ आवृत्तीने तो त्रास बराचसा संपवला. ते सोडून एक्स ११ वर राहायचं कारण म्हणजे एखादं जुनं रिमोट डेस्कटॉपचं सॉफ्टवेअर.

सिक्युअर बूटचा निळा पडदा

एनव्हिडियाचा ड्रायव्हर निवडलात तर ही पायरी चुकवू नका. सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी बायोसमधली सोय) चालू असेल तर इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्ट झाल्यावर निळ्या पडद्यावर ‘कुठलंही बटण दाबा’ असं येतं आणि दहा सेकंद उलटी मोजणी चालते. नेमके त्याच वेळी आपण चहा आणायला उठलेलो असतो. मोजणी संपली की मशीन निमूटपणे पुढे जातं, ड्रायव्हरच्या सहीची चावी नोंदवली जात नाही, ड्रायव्हर लोड होत नाही आणि पुन्हा तेच ताणलेलं १०२४. पडदा दिसताच बटण दाबा, ‘एनरोल मॉक’ (Enroll MOK) निवडा, कंटिन्यू, येस, पासवर्ड. उबुंटूच्या स्वतःच्या ड्रायव्हर विंडोतून आधीच सही केलेला ड्रायव्हर घेतला तर हा प्रसंग बहुतेक वेळा टळतो.

फेडोरा या डिस्ट्रोवर आरपीएम फ्युजन या जादा भांडारातून टाकत असाल तर इन्स्टॉल संपल्यासारखं दिसलं तरी मॉड्यूल मागे तयार होत असतं. काही मिनिटं थांबूनच रीस्टार्ट करा.

आणि कार्डच काढलं तर?

हा पर्याय कुणी सुचवत नाही, पण जीटी ७१०-७३० वाल्यांना मी पहिल्यांदा हाच सुचवेन. ही कार्डं गेमसाठी कधीच नव्हती. ब्राउझर, पीडीएफ, झूम एवढ्या कामात ती आणि चौथ्या-सहाव्या पिढीच्या इंटेलचं ऑनबोर्ड ग्राफिक्स यांत बसणाऱ्याला फरक कळत नाही. उलट ऑनबोर्डवर ड्रायव्हर कर्नलसोबतच येतो, सिक्युअर बूटची भानगड नाही, वेलँड चालतं, कर्नल अपडेटची धास्ती नाही. कार्ड काढा, केबल मदरबोर्डाला लावा. काही बोर्डांवर कार्ड असताना ऑनबोर्ड आपोआप बंद झालेलं असतं. बायोसमध्ये प्रायमरी डिस्प्लेची सेटिंग बदलावी लागते, आणि ती कार्ड काढण्याआधी बदललेली बरी.

अडचण एकच. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी इंग्रजी एफ असेल, जसं आय५-१०४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतंच. रायझन ५ ५६०० चंही तेच. अशा मशीनमधून कार्ड काढलं तर काहीच दिसणार नाही. तिथे जुनं केपलर असेल तर मिंट आणि ४७० यांवर दिवस काढा, आणि कार्ड बदलायची वेळ येईल तेव्हा दुकानात एएमडीचं आरएक्स ५५० किंवा तत्सम मागा. घेताना मागची तोंडं बघून घ्या. नव्या कार्डांवर व्हीजीए नसतं, आणि मॉनिटर जुनाच असेल तर पुन्हा तो कन्व्हर्टर आला.