सात हजारांतली ५८ सीसी चेनसॉ: जोडमशीन म्हणून कशी निघाली?

दापोलीकडे आमची आंबा-काजूची बाग आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने जी झाडं आडवी केली, त्यानंतर नामांकित कंपनीची एक लहान चेनसॉ घेतली. छाटणी, सरपण सगळं तीच करते. पण भर पावसात ती दुरुस्तीला गेली की वाटेवर पडलेली काजू तशीच पडून. म्हणून हे दुसरं, स्वस्तातलं मशीन. त्याच्याकडून अपेक्षा एकच: महिनोन् महिने खोपीत पडून राहावं आणि हाक मारली की सुरू व्हावं.

वायरवर चालणारी सॉ आधी पाहिली. हलकी, स्वस्त, पेट्रोलची कटकट नाही. पण आमच्याकडे वारा सुटला की आधी वीज जाते, मग झाडं पडतात! बॅटरीवरची छोटी सॉ फांद्यांना छान, फणसाच्या खोडाला नाही. शेवटी बाजारात वेगवेगळ्या नावांनी मिळणारी चिनी बनावटीची ५८ सीसी पेट्रोल सॉ आणली. ५८ हा आकडा फार मनावर घेऊ नका. पुस्तिकेतला सिलिंडरचा व्यास ४५.२ मि.मी. आणि स्ट्रोक ३४ मि.मी. धरून हिशोब केला, तर साडेचोपन्न सीसीच भरतात. कामाला तेवढी ताकद पुरते.

बार, म्हणजे जिच्यावरून चेन फिरते ती पट्टी, मात्र २२ इंची आला. आज घेतली तर १८ इंची घेईन. लांब बार म्हणजे पुढे वजन, घासायला जास्त दात, आणि गच्च फांद्यांत टोक नको तिथे टेकून मशीन अंगावर उसळायची भीती. मशीन उसळलं तर चेन थांबवणारा चेन ब्रेक ठीक लागतो, पण सुरू करताना दर वेळी तपासतो.

खरी परीक्षा पेट्रोलची. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं, आणि कोकणात ओल किती ते सांगायला नको. टाकीत पेट्रोल-ऑईलचं मिश्रण ठेवून मशीन कोपऱ्यात टाकलं तर कार्ब्युरेटरचा पडदा कडक होतो, पेट्रोलची नळी चिरते. म्हणून काम झालं की टाकी रिकामी करतो आणि मशीन बंद पडेपर्यंत चालवतो. एवढं पाळल्यावर गणपतीनंतर ठेवलेली सॉ मार्चमध्ये चोक ओढून चार-पाच दोऱ्यांत लागली. गरम असताना कधीकधी रुसते. तेव्हा चोक न लावता थोडा थ्रॉटल देऊन दोरी ओढायची.

दोन मशीन असणाऱ्यांनी एक गोष्ट सांभाळा. या सॉच्या पुस्तिकेत मिश्रण २५:१ आहे, म्हणजे लिटरला ४० मिली टू-टी ऑईल. माझ्या जुन्या सॉला ५०:१, म्हणजे २० मिली. जुन्या सॉचा कॅन घाईत हिच्यात ओतला तर तेल निम्मंच पडेल आणि पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकेल. दोन कॅन, दोन रंगांची झाकणं, आणि गड्यालाही तेच सांगून ठेवलंय.

सोबत आलेली चेन पुचाट होती. माडाच्या खोडाची बाहेरची साल कापतानाच धार गेली. नावाजलेली चेन घातल्यावर मशीन बदलल्यासारखं वाटलं. ही चेन ०.३२५ इंच पिचची (कड्यांमधलं अंतर), ०.०५८ इंच गेजची (बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची जाडी), माझ्या बारला ८६ लिंकची (खाचेत बसणाऱ्या कड्या), कानस ४.८ मि.मी. लागते. जुन्या लहान सॉची कानस ४ मि.मी.ची, त्यामुळे चेन नाही तर निदान कानस तरी सामाईक होईल हा हिशोब फसतो. दुकानात इंच सांगून चेन मागू नका, लिंक मोजून जा.

हादरे जास्त आहेत, अर्ध्या तासाने बोटं बधिर होतात. ठेवलेल्या जागी चेनचं तेल पाझरतं, म्हणून खाली पुठ्ठा. बारचे नटही ढिले होतात, पाना खिशात हवाच.

रोज लाकूडतोड करणाऱ्याने हिच्या वाटेला जाऊ नये. वर्षाकाठी चार-सहा वेळा लागणार असेल तर घ्या, पण ऑनलाइन शे-दोनशे वाचवण्यापेक्षा तालुक्याच्या शेतीअवजारांच्या दुकानातून. प्लग, स्टार्टरची दोरी, नळी तिथे हाताशी असते, आणि कार्ब्युरेटर बिघडला तर साफ करायच्या मजुरीत थोडी भर घातली की अख्खा नवा येतो.