राग मानू नका, पण… : संवाद-कार्यशाळेचा एक अनुभव

राग, नाराजी आणि नकार सभ्यपणे कसे व्यक्त करावेत, या विषयावरील एक दिवसाची कार्यशाळा नुकतीच पुण्यात केली. शुल्क १,२०० रुपये होते, पंचविसेक जण होते आणि प्रशिक्षिका विषयाच्या जाणकार होत्या. तक्रार आहे ती हाती दिलेल्या पुस्तिकेबद्दल.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शल रोझेनबर्ग यांनी १९६०च्या दशकापासून घडवत नेलेली अहिंसक संवादाची पद्धत हा कार्यशाळेचा पाया होता. घडले ते दोष न देता सांगायचे, मग आपली भावना, तिच्यामागची गरज आणि शेवटी नेमकी विनंती, असा तिचा चार पायऱ्यांचा क्रम आहे. निरीक्षण आणि शेरा यांतील फरक प्रशिक्षिकांनी फार चांगला समजावला. ‘तू नेहमीच उशिरा येतोस’ हा शेरा. ‘या आठवड्यात तू तीनदा साडेनऊनंतर आलास’ हे निरीक्षण. त्या एका तासातच माझे पैसे वसूल झाले.

गाडे अडले ते सरावात. प्रसंग साधाच होता : वरच्या मजल्यावरील बाईंच्या ओल्या चादरीचे पाणी आपल्या कुरडयांवर ठिबकते. पुस्तिकेतील नमुना असा : ‘जेव्हा चादरीतून पाणी पडते, तेव्हा मी निराशा अनुभवतो, कारण मला सहकार्याची गरज आहे.’ हे ऐकून कोणतीही शेजारीण आधी आपल्या तब्येतीची चौकशी करील. माझ्या शेजारचे निवृत्त गृहस्थ मात्र सहज म्हणाले, “वहिनी, राग मानू नका, पण चादरीचं पाणी आमच्या कुरडयांवर पडतंय, जीव हळहळतो हो. जरा पिळून घालाल का?” निरीक्षण, भावना, विनंती सगळे त्यात आले आणि गरज न सांगताच कळली.

मराठीत राग आपल्याला ‘येतो’, वाईट ‘वाटते’. ‘मला राग आला’ म्हणताना समोरच्यावर आरोप करावाच लागत नाही. ‘जरा’, ‘तेवढं’, ‘हरकत नसेल तर’ हे शब्दही हाताशी असतात. पुस्तिकेने हे सारे सोडून शब्दशः भाषांतर वाढले आहे. ज्यांना ‘अहो’ म्हणावे लागते, त्या वडीलधाऱ्यांना नकार कसा द्यावा, हा बहुतेकांचा खरा प्रश्न होता. त्याला शेवटची दहा मिनिटे मिळाली.

तरीही ज्यांचा आवाज घरात चटकन चढतो, त्यांनी अवश्य जावे. पुस्तिका घरी आणण्याची आवश्यकता नाही.